लोकजीवनाचे जतन : अमेरिकेतील राष्ट्रीय केंद्राची उभारणी आणि कार्य



२ जानेवारी १९७६ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 'अमेरिकन लोकजीवन जतन कायद्या'वर स्वाक्षरी केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होण्याचे ते वर्ष होते आणि देशभर समारंभांची तयारी चालू होती. त्या धामधुमीत या लहानशा कायद्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसेल. परंतु त्या कायद्यान्वये वॉशिंग्टन येथील 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या राष्ट्रीय ग्रंथालयात 'अमेरिकन लोकजीवन केंद्र' स्थापन झाले. सामान्य माणसांची गाणी, कथा, कारागिरी, सण आणि कामाच्या पद्धती यांचे जतन करणे हे राष्ट्राच्या हिताचे काम आहे, असे अमेरिकेच्या संसदेने या कायद्याने प्रथमच स्पष्ट शब्दांत मान्य केले.

हे केंद्र कसे उभे राहिले, त्याने काय केले आणि त्या कामात कोणते अवघड प्रश्न उभे राहिले, याचा विचार गावपातळीवर काम करणाऱ्यांना उपयुक्त ठरेल. कारण जतन म्हणजे केवळ गोळा करून ठेवणे नव्हे, ज्यांचे आहे त्यांना ते पुन्हा मिळाले तरच ते जतन होय, हा धडा या केंद्राला अनुभवाने शिकावा लागला.

हातात न मावणारा वारसा

जुना किल्ला, जुने मंदिर किंवा ऐतिहासिक वाडा यांचे रक्षण कसे करावे हे सरकारांना साधारणपणे समजते. अमेरिकेतही ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा १९६६ सालीच झाला होता. वास्तूची यादी करता येते, तिच्यावर पाटी लावता येते, दुरुस्तीसाठी रक्कम मंजूर करता येते. परंतु फिडल या तंतुवाद्यावरची एखादी जुनी चाल, होडीची फळी वाकवण्याची रीत, गोधडीचे ठिगळ जुळवण्याची पद्धत किंवा गुरे हाकताना घालायची साद यांची यादी कशी करावयाची? हा वारसा माणसांच्या कंठात आणि हातांत असतो. ज्याला तो येतो तो माणूस गेला आणि त्याच्याकडून कोणी शिकले नसेल, तर त्याच्याबरोबर तोही जातो.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. १८४६ साली विल्यम थॉम्स या इंग्रज गृहस्थाने 'फोकलोअर' हा शब्द घडविला. आपल्याकडे त्याला लोकसाहित्य किंवा लोकविद्या म्हणतात. पुढे स्वीडनमधील अभ्यासकांच्या प्रभावाने 'लोकजीवन' ही अधिक व्यापक कल्पना अमेरिकेत रुजली. तिच्यात केवळ गाणी आणि कहाण्या येत नाहीत. घर, शेत, अवजारे, अन्न, पोशाख, खेळ, श्रद्धा आणि धंद्यातील कसब हे सर्व तिच्यात येते. कायद्यासाठी 'लोकजीवन' हाच शब्द निवडण्यात आला, यात त्याचा अर्धा आशय सामावलेला आहे.

कायद्याच्या आधीची वाटचाल

केंद्र १९७६ चे असले तरी कामाची सुरुवात फार जुनी आहे. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स या संशोधकाने मेन राज्यातील कॅले या गावी पासामाक्वॉडी या मूलनिवासी समाजाची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या. एडिसनच्या ध्वनिमुद्रण यंत्राचा असा क्षेत्रीय उपयोग करण्याचा हा अगदी पहिला प्रयोग होता. १९०७ पासून फ्रान्सिस डेन्समोर या विदुषीने अनेक मूलनिवासी जमातींमध्ये हिंडून दोन हजारांहून अधिक नळकांडी मुद्रित केली.

१९२८ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संगीत विभागात लोकगीतांचे संग्रहालय सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट विन्स्लो गॉर्डन हे होते आणि आरंभीचा खर्च खाजगी देणग्यांतून चालत असे. १९३३ मध्ये जॉन लोमॅक्स आणि त्यांचे तरुण पुत्र ॲलन यांनी मोटारीत अवजड ध्वनिमुद्रण यंत्र घालून दक्षिणेकडील राज्यांचा दौरा केला. शेतमजूर, गुराखी, खाणकामगार आणि तुरुंगातील कृष्णवर्णीय कैदी यांच्याकडून त्यांनी गाणी मिळवली. लुइझियानातील अँगोला तुरुंगात 'लेडबेली' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले हडी लेडबेटर हे गायक त्यांना भेटले, ते याच दौऱ्यात.

८ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ॲलन लोमॅक्स यांनी देशातील निरनिराळ्या ठिकाणच्या संग्राहकांना तारा पाठविल्या आणि रस्त्यावरच्या माणसाला काय वाटते ते मुद्रित करून घेण्यास सांगितले. लोकपरंपरा म्हणजे केवळ भूतकाळातील अवशेष नव्हेत, आज घडणाऱ्या घटनेला सामान्य माणूस देत असलेला प्रतिसादही जपण्याजोगा असतो, ही दृष्टी तेव्हापासून या कामात आहे.

सात वर्षांची खटपट

असे असूनही या कार्याला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. तो मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने आर्ची ग्रीन यांना द्यावे लागेल. १९१७ साली कॅनडातील विनिपेग येथे जन्मलेले ग्रीन अमेरिकेत वाढले. विद्यापीठाची पदवी घेऊनही त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या सुतारांबरोबर काम केले. कामगार संघटनेत ते रमले आणि पुढे कामगारांच्या गाण्यांचे अभ्यासक म्हणून नावारूपाला आले. खाणकामगारांच्या गीतांवरील त्यांचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९६७ पासून स्मिथसोनियन संस्था वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती हिरवळीवर दर उन्हाळ्यात लोकजीवन महोत्सव भरवू लागली होती. राजधानीच्या मध्यभागी कुंभार, विणकर, गायक आणि नर्तक आपली कला दाखवीत आणि हजारो नागरिक ती पाहात. हा प्रतिसाद पाहून टेक्ससचे सिनेटर राल्फ यारबरो यांनी १९६९ मध्ये लोकजीवनविषयक पहिले विधेयक मांडले. त्यात स्मिथसोनियन संस्थेच्या आश्रयाने एक प्रतिष्ठान काढण्याची कल्पना होती. १९७० मध्ये यारबरो यांना आपल्याच पक्षाची उमेदवारी मिळाली नाही आणि विधेयक मागे पडले.

ग्रीन यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. कोणतेही मोठे पद हाती नसताना ते वॉशिंग्टनमध्ये संसद सदस्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. प्रत्येक सदस्याला त्यांनी त्याच्या मतदारसंघातील परंपरांची आठवण करून दिली. कोणाच्या भागात गुराखी होते, कोणाच्या भागात पोलिश वा इटालियन वस्त्या होत्या, तर कोणाच्या भागात डोंगरी गवय्ये होते. साऊथ डकोटाचे सिनेटर जेम्स अबूरेझ्क आणि न्यू जर्सीचे प्रतिनिधी फ्रँक थॉम्प्सन यांनी विधेयकाची धुरा घेतली. दोन्ही पक्षांतील मोठ्या संख्येने सदस्य त्याचे सहप्रस्तावक झाले. प्रतिष्ठानाऐवजी केंद्र आणि स्मिथसोनियनऐवजी लायब्ररी ऑफ काँग्रेस असा बदल होऊन ते अखेर संमत झाले. सात वर्षांत विधेयकाचे रूप बदलले, पण मूळ हेतू टिकला.

कायदा काय म्हणतो

कायद्यातील व्याख्या मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. कुटुंब, वंश, व्यवसाय, धर्म आणि प्रदेश यांनी बांधलेल्या निरनिराळ्या समूहांत चालत आलेली पारंपरिक अभिव्यक्ती म्हणजे लोकजीवन, असे ती सांगते. चालीरीती, श्रद्धा, तांत्रिक कसब, भाषा, वास्तुरचना, संगीत, खेळ, नृत्य, विधी आणि हस्तव्यवसाय अशी तिची व्याप्ती आहे. या गोष्टी मुख्यतः तोंडी, अनुकरणाने किंवा प्रत्यक्ष करता करता शिकल्या जातात, हेही तीत नमूद आहे. व्यवसायाचा उल्लेख वंश आणि धर्म यांच्या बरोबरीने आल्यामुळे गोदीतील सुतार आणि खाणीतील मजूर हेही परंपरेचे वारसदार ठरले.

आणखी एक विधान भारतीय श्रोत्यांना विशेष जवळचे वाटेल. बलशाली राष्ट्र उभारण्यासाठी सांस्कृतिक भिन्नतेचा बळी देण्याची गरज नसते, अशा आशयाचा निष्कर्ष अमेरिकेच्या संसदेने या कायद्याच्या आरंभीच नोंदविला आहे. बाहेरून आलेल्या सर्वांनी एका साच्यात विरघळून जावे, या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या कल्पनेपासून हा निष्कर्ष बराच दूर होता.

संशोधन, ध्वनिमुद्रण, संग्रह, प्रदर्शन, प्रकाशन आणि प्रशिक्षण ही कामे केंद्राकडे सोपविण्यात आली. त्याच्या विश्वस्त मंडळात सरकारी खात्यांच्या अधिकाऱ्यांबरोबरच संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या प्रमुखांनी नेमलेल्या बिनसरकारी व्यक्तींना स्थान देण्यात आले. स्वतः फिडलवादक असलेले ॲलन जॅबूर हे पहिले संचालक झाले आणि १९९९ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. १९७८ मध्ये लोकगीतांचे जुने संग्रहालय केंद्राकडे वर्ग करण्यात आले. केंद्राची मुदत सुरुवातीला संसदेला वेळोवेळी वाढवावी लागे. १९९८ मध्ये त्याला कायमस्वरूपी मान्यता मिळाली.

सर्व काम एकाच संस्थेकडे दिले गेले नाही, हेही प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. महोत्सव भरविणे हे स्मिथसोनियनचे काम राहिले. कलावंतांना अनुदान देणे, तसेच १९८२ पासून त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान देणे हे राष्ट्रीय कला निधीचे काम झाले. त्याच निधीच्या साहाय्याने अनेक राज्यांत लोकजीवनासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. नोंद करणे, ती टिकविणे आणि ती खुली ठेवणे ही केंद्राची मुख्य जबाबदारी ठरली.

नोंदवह्या घेऊन गावोगाव

स्थापनेनंतर लगेच क्षेत्रीय पाहण्या सुरू झाल्या. १९७७ मध्ये शिकागो शहरातील निरनिराळ्या देशांतून आलेल्या समाजांच्या कलांची पाहणी झाली आणि त्याच वर्षी जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातही पथक गेले. १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेच्या सहकार्याने व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरील ब्लू रिज डोंगराळ प्रदेशात काम झाले. नेवाडातील पॅराडाइज व्हॅली या गुरे पाळणाऱ्या खोऱ्यात तर पाहणी काही वर्षे चालली. खोगीर, दोर, दगडी गोठे, गुरांना डाग देण्याचा हंगाम या सर्वांची छायाचित्रे आणि मुलाखती घेण्यात आल्या आणि त्यांवर आधारित प्रदर्शन १९८० मध्ये वॉशिंग्टन येथे भरले.

१९८३ मधील न्यू जर्सीच्या पाइनलँड्स प्रदेशाची पाहणी नियोजन अधिकाऱ्यांनी आवर्जून अभ्यासावी अशी आहे. दहा लाख एकरांहून अधिक विस्ताराचे हे पाइन वृक्षांचे वन आणि पाणथळ १९७८ मध्ये राष्ट्रीय राखीव क्षेत्र ठरले होते. झाडे, पाणी आणि पक्षी यांच्या रक्षणासाठी भूवापराचे नियम तयार झाले होते. परंतु तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे होती. क्रॅनबेरी या आंबट फळाची लागवड करणारे शेतकरी, खाडीतील मच्छीमार, बदकांच्या शिकारीसाठी चपट्या होड्या बांधणारे कारागीर यांना त्या भूमीचे बारीकसारीक ज्ञान होते. त्यांच्या कसबाची आणि ज्ञानाची नोंद घेऊन ती नियोजनाच्या चर्चेत आणण्याचा प्रयत्न केंद्राने केला. ज्या निसर्गाला आपण अस्पर्श म्हणतो तो पुष्कळदा माणसांच्या परंपरागत वापराने घडलेला असतो, हे त्यातून पुढे आले. त्याच वर्षी केंद्राने उद्यान सेवेबरोबर सिद्ध केलेल्या 'सांस्कृतिक संवर्धना'वरील अहवालात वास्तूंचे रक्षण आणि जिवंत परंपरांचे रक्षण यांचा एकत्र विचार व्हावा, असा आग्रह धरण्यात आला.

घेतलेले परत देताना

आता या कार्याची अवघड बाजू पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सरकारचे एक खाते मूलनिवासींची गाणी मुद्रित करवीत होते. त्याच काळात १८८३ च्या नियमांनी दुसरे खाते त्यांच्या काही नृत्यांना आणि विधींना गुन्हा ठरवीत होते. मुलांना दूरच्या वसतिशाळांत नेऊन त्यांना मातृभाषा बोलण्यास मनाई केली जात होती. गाणे वॉशिंग्टनच्या कपाटात सुरक्षित राहिले आणि ते गाणाऱ्यांच्या घरातून मात्र नाहीसे होत गेले. तुरुंगातील कैद्यांकडून गाणी मुद्रित करून घेतली गेली, तेव्हा नकार देण्याचे स्वातंत्र्य त्यांना कितपत होते, हाही प्रश्न अभ्यासकांनी पुढे रास्तपणे उपस्थित केला.

मेणाची नळकांडी ठिसूळ असतात. त्यांना बुरशी लागते, तडे जातात आणि प्रत्येक वेळी वाजविताना आवाज थोडा झिजतो. म्हणून १९७९ मध्ये केंद्राने अशी हजारो नळकांडी ध्वनिफितींवर उतरविण्याची योजना हाती घेतली. योजनेचा दुसरा भाग असा होता की, या ध्वनिफितींच्या प्रती त्या त्या जमातींना परत देण्यात याव्यात. नेब्रास्कातील ओमाहा समाजाची गाणी ॲलिस फ्लेचर आणि त्याच समाजात जन्मलेले अभ्यासक फ्रान्सिस ला फ्लेश यांनी सुमारे नव्वद वर्षांपूर्वीपासून मुद्रित केली होती. १९८३ मध्ये ओमाहांच्या वार्षिक मेळाव्यात ती गाणी त्यांच्या स्वाधीन करण्यात आली आणि १९८५ मध्ये निवडक गाण्यांची तबकडी समाजाच्या सहकार्याने प्रसिद्ध झाली. त्या आवाजांत कोणाचे आजोबा होते, कोणाचे पणजोबा होते. केंद्राच्या दृष्टीने जे संग्रहातील क्रमांक होते, ते ऐकणाऱ्यांना आपल्या घरची माणसे वाटली.

फ्यूक्स यांनी १८९० मध्ये मुद्रित केलेल्या पासामाक्वॉडी नळकांड्यांची कथा तर याही पुढे जाते. आधुनिक तंत्राने स्वच्छ केलेले ते आवाज त्या समाजातील जाणत्यांनी ऐकले, त्यांतील शब्द ओळखले आणि त्यांचा अर्थ लावला. २०१८ मध्ये ही मुद्रिते सर्वांसाठी उपलब्ध करताना कोणते गीत कोणी आणि कोणत्या मर्यादेत ऐकावे, याविषयी समाजाने ठरविलेल्या खुणा त्यांना जोडण्यात आल्या. जी गाणी गोळा केली गेली तेव्हा त्यांच्यावर कोणाचा हक्क, हे विचारण्याचीही पद्धत नव्हती, त्या गाण्यांबाबत निर्णयाचा अधिकार मूळ धन्यांकडे येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

सामान्य माणसाची साक्ष

पुढील काळात केंद्राचे क्षेत्र वाढत गेले. २००० मध्ये संसदेने माजी सैनिकांच्या आठवणी संग्रहित करण्याची योजना कायद्याने सुरू केली आणि ती केंद्राकडे सोपविली. तीत एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या आठवणी, पत्रे आणि छायाचित्रे जमा झालेली आहेत. शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत अनेक स्वयंसेवकांनी या मुलाखती घेतल्या, हे तिचे वैशिष्ट्य होय. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर केंद्राने १९४१ च्या तारांची आठवण ठेवून देशभरातील लोकसाहित्याच्या अभ्यासकांना पुन्हा आवाहन केले आणि सामान्य नागरिकांच्या प्रतिक्रिया नोंदवून घेतल्या.

महाराष्ट्राशी जोडलेला धागा

अमेरिकेतील या विचाराचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचला आहे. संगीताचे अभ्यासक नझीर जयराझभॉय यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे ध्वनिमुद्रण संग्रहालय पुणे येथे सुरू झाले. पुढे ते दिल्लीला आणि नंतर गुरगावला हलविण्यात आले. परदेशी संशोधकांनी भारतात केलेली मुद्रिते परदेशांतील कपाटांतच न राहता त्यांच्या प्रती भारतात याव्यात, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता.

याच संग्रहालयात महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांची मुद्रितेही ठेवण्यात आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुणे येथून चालविलेल्या उपक्रमात एक हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून घेतल्या गेल्या. विजेच्या आणि डिझेलच्या गिरण्या आल्या, तेव्हा पहाटेचे दळण थांबले आणि दळताना गाण्याचे निमित्तही संपले. ओवी नोंदविताना ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदविले गेले, म्हणूनच या संग्रहाचे मोल मोठे आहे. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने या ओव्या क्रमशः प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि जुन्या गायिकांना पुन्हा भेटण्यासाठी तिचे कार्यकर्ते गावांत गेले.

गावाच्या पातळीवर

अमेरिकन केंद्राच्या अनुभवातून तीन गोष्टी कोणत्याही ग्रामपंचायतीला किंवा शाळेला उचलता येतील. पहिली गोष्ट अशी की, नोंद पूर्ण असावी. गाणाऱ्याचे किंवा कारागिराचे नाव, गाव, तारीख, प्रसंग आणि ते कोणाकडून शिकले ही माहिती नसेल, तर उत्तम ध्वनिमुद्रणही पोरके होते. दुसरी गोष्ट अशी की, संमती आधी घ्यावी. काही गाणी ठराविक विधीच्या वेळीच म्हटली जातात, काही केवळ स्त्रियांपुरती असतात. ती सर्वांसमोर आणावयाची की नाही, हे त्यांनीच ठरवावे. तिसरी गोष्ट अशी की, एक प्रत गावातच राहावी. शाळेच्या कपाटात किंवा गावच्या वाचनालयात ती असेल, तर नातवंडांना आपल्या आजीचा आवाज ऐकण्यासाठी राजधानीची वाट धरावी लागणार नाही.

आता ध्वनिमुद्रणासाठी मोटारभर यंत्रसामग्रीची आवश्यकता राहिलेली नाही. खिशातील दूरध्वनीवर ते काम होते. परंतु कोणाकडे जावे, काय विचारावे आणि मिळालेले कसे सांभाळावे, हे यंत्र सांगू शकत नाही. ते गावातील शिक्षकाला, ग्रामसेवकाला आणि पंचायत सदस्याला ठाऊक असते. कोणत्या वस्तीत शेवटचा बुरूड सूप विणतो, कोणत्या घरातील वृद्धेला लग्नातील सर्व गाणी पाठ आहेत, हे त्यांना विचारल्यावाचून कोणत्याही राष्ट्रीय केंद्राला कळणार नाही. आर्ची ग्रीन २००९ मध्ये निवर्तले. खाणकामगाराच्या गाण्याला राष्ट्राच्या ग्रंथालयात जागा मिळावी यासाठी त्यांनी सात वर्षे खर्ची घातली. आपापल्या गावातील जाणत्या माणसांची एक साधी यादी तयार करण्यास एक आठवडा पुरेल आणि त्या यादीतील वयोवृद्धांकडे सर्वांत आधी जावे लागेल.